फलश्रुती

आपल्याकडील बहुतेक स्तोत्रांच्या शेवटी फलश्रुती असते. स्तोत्र कोणी रचले, केव्हा रचले ह्याविषयी विद्वानांत मतभेद होतील. परंतु त्याच्या पठणाने काय मिळेल आणि किती दिवसांत मिळेल, ह्याविषयी फलश्रुतीच्या मनात तिळमात्र संदेह नसतो. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात सकाळच्या वेळी जाऊन बसावे. संकटनाशन गणेशस्तोत्र पुटपुटणारी माणसे सहज दृष्टीस पडतात. त्या स्तोत्राने सहा महिन्यांत फळ आणि वर्षभरात सिद्धी असा रोखठोक वायदा केलेला आहे. विद्यार्थ्याला विद्या, धनार्थ्याला धन, पुत्रार्थ्याला पुत्र. पुत्र कसा निपजेल, त्याच्या पाठीचा कणा खालपर्यंत नीट मिटलेला असेल की नाही, इतक्या तपशिलात स्तोत्रकर्ता शिरलेला नाही.

शस्त्रक्रियेविषयीच्या वैद्यकीय निबंधांनाही अशीच एक फलश्रुती असते. इंग्रजीत तिला जो शब्द आहे त्यासाठी आपले कोशकार ‘निष्पत्ती’, ‘परिणाम’ असे प्रतिशब्द सुचवितात. मला मात्र आपला जुना शब्दच अधिक नेमका वाटतो, कारण त्या निबंधांतही फळाला मुदत घातलेली असते: तीस दिवसांनी काय, वर्षाने काय, अडीच वर्षांनी काय. वर्तमानपत्रांना तेवढाही धीर नसतो. ‘नवजात बालकावर गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यशस्वी’ ह्या मथळ्याखाली डॉक्टर, आईबाप आणि दुपट्यात गुंडाळलेले मूल असे छायाचित्र येते ते बहुधा घरी सोडण्याच्या दिवशीचे. त्याच मुलाचे दहाव्या वर्षीचे छायाचित्र छापलेले मी आजवर पाहिले नाही.

हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो एका विद्यार्थिनीमुळे. वाङ्मयाच्या प्राध्यापकाने मज्जारज्जूच्या भानगडीत पडावे असे एरवी कारण नव्हते. गेली तीन वर्षे ही मुलगी माझ्या इंग्रजीच्या वर्गात दाराजवळच्या बाकावर बसते. पायांत आधारपट्ट्या आहेत. चालताना किंचित डुलते. परंतु चालते स्वतः. तिचे वडील लातूरकडचे, आय.टी.आय. झालेले. भोसरीत कंत्राटावर फिटर म्हणून लागले आणि आता चाकणच्या एका सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहेत. हे सारे मी तिच्या आणि तिच्या वडिलांच्या संमतीने लिहितो आहे. नाव मात्र घालू नये, अशी तिची इच्छा.

जन्मतःच तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या थोडे वर, पातळ पापुद्र्याची एक पिशवी होती. ह्या विकृतीला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात, म्हणजे दुभंगलेला कणा. सतराव्या शतकात हे लॅटिन नाव निकोलास टुल्प ह्या ॲम्स्टरडॅमच्या वैद्याने रूढ केले. रेम्ब्रांटच्या १६३२ सालच्या प्रसिद्ध चित्रात प्रेताचा हात उकलून दाखवीत बसलेले जे गृहस्थ आहेत, तेच हे टुल्प. गर्भाच्या पाठीवर मज्जारज्जू आधी रज्जू नसतोच. तो एक सपाट पापुद्रा असतो आणि आपल्या घरच्या सुरळीच्या वडीसारखा तो दोन्ही कडांनी वर उचलला जाऊन मिटतो. गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत हे काम पुरे व्हावे लागते. खालचे टोक मिटावयाचे राहिले, तर तेथला कणाही त्यावर मिटत नाही आणि मज्जातंतू उघडे पडतात. अठ्ठावीस दिवस! आपल्या पोटी काही आहे हे तेव्हा कित्येक स्त्रियांच्या ध्यानातही आलेले नसते.

ह्या एका आकड्याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपल्या घरांतून अशा मुलाच्या आईवर पहिला आरोप ठेवला जातो तो ग्रहणाचा. ग्रहणात विळी हातात धरली होतीस का, काही चिरले होतेस का, वस्त्राला गाठ मारली होतीस का? ह्या मुलीच्या आईलाही सासरच्या वडीलधाऱ्यांनी हे प्रश्न विचारले होते, आणि ज्या ग्रहणाचा दाखला दिला गेला ते सातव्या महिन्यातले होते. कण्याचे जे व्हावयाचे ते त्याआधी सहा महिने होऊन गेलेले. चंद्रसूर्य ह्या प्रकरणात सर्वस्वी निर्दोष आहेत. खरे कारण पुष्कळदा अधिक सामान्य असते. आधी असे एक मूल झालेल्या स्त्रियांना पुढील गर्भधारणेच्या आधीपासूनच फॉलिक आम्ल दिले, तर पुन्हा तसेच मूल होण्याचा संभव शेकडा ७२ ने घटतो, हे सात देशांतील एका मोठ्या चाचणीने १९९१ साली दाखवून दिले. आपल्याकडची गोष्ट त्याहून थोडी निराळी असावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून १९९३ पासून गर्भवतींच्या आहाराचा जो अभ्यास आरंभला, त्यात आपल्या शाकाहारी ताटातील ब-१२ जीवनसत्त्वाची वाण ठळकपणे पुढे आली. डॉ. कौमुदी गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ह्याच ब-१२ चा कण्याच्या विकृतीशी संबंध असावा असे दिसून आले. म्हणजे विळी नव्हे, ताट. आणि ताट काही एकट्या आईने वाढलेले नसते.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर हे वाचून काही घरांत उगाच घबराट उडेल. कण्याच्या खालच्या भागात जन्मतः काही कमीअधिक असणे ही फार सामान्य गोष्ट आहे. मागची कमान अर्धवट मिटलेली, पण वर त्वचा धड आणि आत मज्जारज्जूही धड, अशी माणसे शेकडा दहा किंवा त्याहूनही अधिक भरतात. चाकणच्या एखाद्या कारखान्यात भरती होताना किंवा पाठ धरली म्हणून क्ष-किरण चित्र काढले की ती कळते, आणि आयुष्यभर धडधाकट वजने उचललेला मनुष्य त्या दिवसापासून स्वतःला अपंग समजू लागतो. कित्येकांच्या कमरेला एक मणका जास्त असतो, किंवा शेवटचा मणका त्रिकास्थीला चिकटलेला असतो. मारिओ बर्टोलोटी ह्या इटालियन क्ष-किरणतज्ज्ञाने अशा चिकटलेल्या मणक्याचा आणि कंबरदुखीचा संबंध १९१७ साली दाखविला. तेथे शस्त्रवैद्याला खरे संकट पडते ते मोजणीचे: वरून मोजले तर जो मणका चौथा, तो खालून मोजताना दुसराच ठरतो, आणि हातखंडा शल्यवैद्याचीही सुरी एक घर चुकू शकते. असो. माझा विषय तो नव्हे. कणा नुसता कमीअधिक नसून खरोखरच उघडा राहिला, तर काय होते?

पूर्वी काय होत असे, हे सांगावयास नकोच. पिशवी फुटे, जंतू आत शिरत आणि मेंदूज्वराने आठ-पंधरा दिवसांत सारे आटोपे. जंतूंना आवर घालणारी औषधे आली तेव्हा ह्या मुलांपैकी काही जगू लागली. पिंपरीकरांना ह्यात थोडा अभिमान वाटावयास हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साह्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीच्या माळावर उभा राहिला आणि त्यातून स्वदेशी पेनिसिलीन बाहेर पडू लागले. मोटारी आणि दुचाक्या नंतर आल्या. ह्या औद्योगिक पट्ट्याच्या आरंभी औषध होते, ही गोष्ट आज हमरस्त्यावरच्या वाहनांच्या गर्दीत कोणाला आठवत नाही.

परंतु जंतूंपासून वाचलेले मूल दुसऱ्याच संकटात सापडे. ह्या विकृतीत पुष्कळदा मेंदूतील पाण्याचा निचरा अडतो आणि पाठीची पिशवी शिवल्यानंतर डोके वाढू लागते. १९५५ च्या नोव्हेंबरात जॉन होल्टर नावाच्या एका अमेरिकन यंत्रकाराला असा मुलगा झाला. होल्टर हा डॉक्टर नव्हे, पदवीधर संशोधकही नव्हे. कुलपे करणाऱ्या येल अँड टाउन ह्या कंपनीत तो नोकरीला होता. मुलाच्या डोक्यातील पाणी सुईने वारंवार काढावे लागताना तो पाही. फिलाडेल्फियातील डॉ. यूजीन स्पिट्झ ह्यांनी त्याला अडचण समजावून सांगितली. पाणी डोक्यातून नळीने रक्तात सोडता येईल. पण त्या नळीच्या तोंडाशी अशी झडप हवी की ती ठरावीक दाबाला उघडेल, दाब उतरताच मिटेल आणि रक्ताला उलटे येऊ देणार नाही. होल्टरला हा वैद्यकाचा प्रश्न वाटलाच नाही. तो त्याला झडपेचा प्रश्न वाटला. घरच्या मोटारखान्यात बसून त्याने ती तयार केली आणि शरीराला न खुपणारे द्रव्य म्हणून सिलिकोन निवडले. १९५६ साली ती पहिल्यांदा बसविली गेली, तीही त्याच्या मुलाला नव्हे. त्याची प्रकृती तेव्हा शस्त्रक्रिया सोसण्यासारखी नव्हती म्हणून दुसऱ्याच एका मुलाला. होल्टरचा मुलगा पुढे बालपणीच वारला. झडपेने जगभरची हजारो मुले जगली.

मी ही हकीकत ह्या मुलीच्या वडिलांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “सर, टॉलरन्स किती ठेवला होता हो त्याने?” मला अर्थातच ते ठाऊक नव्हते. वाङ्मयाच्या माणसाला एवढेच आठवले की मुलांचा लाडका गोष्टीकार रोआल्ड डाल ह्याच्या तान्ह्या मुलाला १९६० साली न्यूयॉर्कमध्ये मोटारीची धडक बसून डोक्यात असेच पाणी साठले, आणि होल्टरची झडप त्याच्या बाबतीत पुन्हापुन्हा तुंबू लागली तेव्हा डालने स्टॅन्ली वेड नावाच्या, खेळातल्या विमानांचे पंप करणाऱ्या कारागिराला गाठले. केनेथ टिल हे शल्यवैद्य आणि हे दोघे, अशा तिघांनी मिळून नवी झडप घडविली. कुलपे करणारा एक आणि खेळण्यांचे पंप करणारा दुसरा! वैद्यकाच्या इतिहासात कारखान्याच्या माणसांना फारसे पान मिळत नाही, म्हणून ही दोन नावे मी जरा सावकाश उच्चारतो.

आपल्या मुलीच्या डोक्यात जी नळी आहे ती परदेशी नव्हे. तिला बसविली गेली ती उत्तर प्रदेशातील शहाजहानपुरात तयार झालेली, छाब्रा ह्या नावाने ओळखली जाणारी. “स्वस्त म्हणून तीच बसविली, मला वाटले, माझी पोर गरिबाची म्हणून तिला कमअस्सल माल दिला,” असे तिचे वडील मला म्हणाले. ही सल त्यांनी वर्षानुवर्षे वागविली होती. योगायोगाने मी त्यांना उत्तर देऊ शकलो. युगांडातील १९५ मुलांवर ही झडप आणि एक नामांकित परदेशी झडप ह्यांची तुलना केली गेली होती. एकीची किंमत ३५ डॉलरांच्या घरात, दुसरीची ६५० च्या. वर्ष उलटल्यावर दोहोंच्या फलात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला आहे. ते वाक्य त्यांनी मला दोनदा मराठीत सांगावयास लावले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तिच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका रुग्णालयात पाठ शिवली गेली. तिसऱ्या आठवड्यात नळी बसली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “शस्त्रक्रिया यशस्वी झाली.” ते खरेच बोलले. शिवण सुकली, जंतू शिरले नाहीत, डोक्याची वाढ आटोक्यात आली. परंतु आईबापांनी त्या वाक्याचा अर्थ, आता सारे नीट झाले, असा घेतला. आणि भाषेच्या दृष्टीने पाहता त्यांनी तरी दुसरा अर्थ का घ्यावा? ह्या शस्त्रक्रियेने जे उरले आहे ते राखता येते, जे गेले ते परत येत नाही. उघड्या जागेच्या खालचे मज्जातंतू जन्माआधीच दुखावलेले असतात. पायांचे स्नायू, तळव्यांची संवेदना, मूत्राशय, आतडी ह्यांचे हिशेब पुढे वर्षानुवर्षे चुकते करावे लागतात.

म्हणूनच गर्भाशय उघडून, मूल पोटात असतानाच पाठ शिवण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. तीन रुग्णालयांतील त्या चाचणीचे निकाल २०११ साली जाहीर झाले. पहिल्या वर्षाच्या आत नळीची गरज जन्मानंतर शिवलेल्या मुलांत शेकडा ८२, तर पोटातच शिवलेल्या मुलांत शेकडा ४० भरली. अडीच वर्षांच्या वयाला आधाराशिवाय चालणारी मुले शेकडा २१ च्या जागी ४२ झाली. आकडे मोठे आहेत. त्याची किंमतही आहे: पोटातच शिवलेल्यांपैकी बहुतेक मुले दिवस भरण्याआधी जन्मली आणि आईच्या गर्भाशयावर कायमचा व्रण राहिला. पण पहा, सहा महिने आणि एक वर्ष ह्या स्तोत्राच्या मुदतींच्या जागी येथे एक वर्ष आणि तीस महिने आले एवढेच. अडीच वर्षांचे मूल अजून शाळेतही गेलेले नसते.

मुदत फार लांब ठेवली म्हणजे काय दिसते, ह्याचा एक कठोर नमुना इंग्लंडात सापडतो. शेफील्डमध्ये एका काळी अशा प्रत्येक मुलावर शस्त्रक्रिया करावी असा उत्साह होता. तेथल्याच जॉन लॉर्बर ह्यांनी ५२४ मुलांचे निकाल तपासून १९७१ साली उलट मत मांडले: अतिशय बिकट लक्षणे असलेल्यांवर उपचार करू नयेत. त्या मताने कित्येक नवजात मुलांच्या बाबतीत हात आखडता घेतला गेला. मला हा निर्णय वाचताना शहारे आले; तरी एवढे म्हटले पाहिजे की लॉर्बरने निदान आपल्या यशाचा हिशेब मागितला. हिशेबाची दुसरी रीत केंब्रिजमध्ये दिसते. तेथे १९६३ पासून काही वर्षे निवड न करता सरसकट सर्वांवर शस्त्रक्रिया झाल्या. अशी ११७ मुले. जिलियन हंट ह्या डॉक्टर बाईंनी त्या ११७ जणांचा माग दशकानुदशके सोडला नाही. २००३ साली त्यांनी हकीकत प्रसिद्ध केली तेव्हा ६३ जण वारले होते आणि उरलेल्या ५४ जणांचे सरासरी वय ३५ होते. कोण किती चालतो, कोण एकटा राहतो, कोण नोकरी करतो, कोणाला लघवी आवरते, असे प्रश्न त्यांनी विचारले. शस्त्रक्रियेनंतर पस्तीस वर्षांनी शस्त्रक्रियेचा निकाल!

आपल्या ह्या पट्ट्यात असा माग कोणी कसा काढावा? कंत्राट संपले की खोली बदलते. भोसरीहून मोशी, मोशीहून चाकण, चाकणहून गावी. रुग्णालयाच्या कागदावरचा पत्ता दोन वर्षांत निरुपयोगी होतो. मुलांच्या जन्मजात व्यंगांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरला सुरू झाला आणि त्यातील व्यंगांच्या यादीत पहिलेच नाव ह्या विकृतीचे आहे. मूल सापडणे ही मोठीच गोष्ट झाली. सापडलेले मूल पंधरा वर्षे हरवू न देणे, हे काम त्याहून किचकट असते.

पूर्वी ही मुले मोठी होता होता दगावत ती बहुतांशी मूत्रपिंडे निकामी होऊन. मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, लघवी साचते, उलटी वर चढते, जंतू वाढतात. ह्यावर जो उपाय निघाला तो शस्त्रक्रियेचा नव्हताच. मिशिगनचे जॅक लॅपिडीस ह्यांनी १९७२ साली असे सुचविले की रुग्णाने स्वतःच दर काही तासांनी एक बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करावे; हात साबणाने धुतलेले असावेत, नळी स्वच्छ असावी, एवढे पुरे; शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकपणाची गरज नाही. तेव्हाच्या डॉक्टरांना हे अब्रह्मण्यम् वाटले. पण साचलेली लघवीच खरी वैरीण, हे लॅपिडीस ह्यांचे म्हणणे खरे ठरले आणि असंख्य मूत्रपिंडे वाचली. जगातील उत्तमोत्तम शल्यवैद्यांनी जे साधले नाही ते साबण, पाणी आणि घड्याळ ह्यांनी साधले.

घड्याळ पाळले ते कोणी? ह्या मुलीच्या आईने. दिवसातून पाच वेळा, मुलगी दोन वर्षांची असल्यापासून नऊ वर्षांची होईपर्यंत. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती माउली डब्याबरोबर नळीही घेऊन जाई. तिने त्यापायी लग्नकार्ये सोडली, गावची जत्रा सोडली, शिवणकामाची नोकरी आली होती ती सोडली. नवव्या वर्षी मुलगी स्वतः शिकली. आजही तिच्या दप्तरात कवितासंग्रहाच्या शेजारी एक छोटी कापडी पिशवी असते, आणि दाराजवळच्या बाकाचे रहस्य तेच आहे.

अकराव्या वर्षी नवीन प्रश्न उभा राहिला. पाय दुखू लागले, चाल बिघडली. शिवलेल्या जागी मज्जारज्जू चिकटतो आणि मूल उंच होऊ लागले की खालून ओढला जातो. तो सोडविण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी काय? ह्या शेजारच्या एका विकृतीविषयी, कण्याच्या मुळाशी चरबीची गाठ असलेल्या मुलांविषयी, तज्ज्ञांत जो वाद आहे तो मी त्या निमित्ताने चाळला. काहीच त्रास नसताना गाठ काढावी की थांबावे? पॅरिसमधील मुलांचा अभ्यास करून अभय कुलकर्णी आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००४ साली लिहिले की थांबलेल्या ५३ मुलांत नऊ वर्षांत बिघाडाचा संभव शेकडा ३३ दिसला, आणि त्याच रुग्णालयात पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा वर्षांत ४६! ह्यावर डॅक्लिंग पँग ह्यांनी उत्तर दिले की अर्धवट काढाल तर असेच होणार. गाठ जवळजवळ समूळ काढली तर सोळा वर्षांनीही शेकडा ८३ मुलांत बिघाड होत नाही. दोघेही प्रामाणिक, दोघांजवळ आकडे. बापाने ह्यातून निवड करावयाची ती रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून, दुसरी पाळी गाठावयाची घाई असताना.

तिला मात्र त्रास सुरू झालेला होता, त्यामुळे निवड थोडी सोपी होती. मज्जारज्जू सोडविला गेला. पायांचे दुखणे गेले. चाल जेथे होती तेथे थांबली, सुधारली नाही. मूत्राशय जसे होते तसेच राहिले. डॉक्टरांनी आधी सांगितले होते ते जवळजवळ असेच. ह्या वेळी “यशस्वी” हा शब्द कोणी उच्चारला नाही आणि कोणाची फसगतही झाली नाही.

महाविद्यालयात आल्यावर तिच्यापुढे जी अडचण आली ती कोणत्याही वैद्यकीय निबंधात मी वाचलेली नाही. तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. नळी घालताना दोन्ही हात गुंतलेले. दार धरावे कशाने? तिने घड्याळ चुकवावयास आरंभ केला, पाणी पिणे कमी केले, आणि पहिल्याच सत्रात तिला ताप भरला. मूत्रमार्गात जंतू. कडीसाठी अर्ज झाला; तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला; दुरुस्तीची वार्षिक मंजुरी उन्हाळ्यात असते असे कळले. एका शनिवारी तिचे वडील पाळी संपवून आले. पिशवीत पितळी कडी, स्क्रू, हातड्रिल. पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलून त्यांनी वीस मिनिटांत कडी बसविली, चार वेळा लावून काढून पाहिली, आणि खाली पडलेला भुसा रुमालात गोळा करून नेला. दुसऱ्या सत्रात ताप आला नाही.

त्याच सुमारास त्यांनी मला ती वही दाखविली. साधी दोनशे पानी. कारखान्यातील तपासणीच्या तक्त्याप्रमाणे पट्टीने रकाने आखलेले: दिनांक, माप, शेरा. पहिली दोन वर्षे दर रविवारी डोक्याचा घेर, सेंटिमीटरमध्ये, दशांशासह. मग आधारपट्ट्यांची लांबी, बुटांचे क्रमांक, तापाचे दिवस. एका एप्रिलची नोंद अशी: ‘डाव्या टाचेस फोड. देवळाची फरशी तापली होती. तिला कळले नाही.’ त्यापुढे सात आठवडे फोडाची रुंदी. बाराव्या वर्षापासून अक्षर बदलते. तेथून ती स्वतः लिहिते.

मापांचा रकाना भरगच्च होता. शेऱ्याच्या रकान्यात मात्र एकही अक्षर नव्हते. मी कारण विचारले.

“कारखान्यात तीनच शेरे असतात, सर,” ते म्हणाले, “ओके, रिजेक्ट, नाहीतर रिवर्क. हिच्यापुढे काय लिहू? जॉब अजून मशीनवरच आहे.”

वही त्यांनी तीन दिवस माझ्याजवळ राहू दिली. चौथ्या दिवशी तास संपल्यावर मुलगी ती मागावयास आली. शुक्रवारी मूत्रपिंडांची वार्षिक सोनोग्राफी होती आणि मागच्या वर्षीची मापे डॉक्टरांना दाखवावयाची होती.